नेम चुकला तर गोळी कुठे जाईल? सार्वजनिक नेमबाजी आणि तिरंदाजी रेंज आखताना

दहा मीटर एअर रायफलच्या टार्गेटवर दहा गुणांचा जो ठिपका असतो, त्याचा व्यास अवघा अर्धा मिलिमीटर. नेमबाजाचं सगळं ध्यान त्या ठिपक्यावर लागलेलं असतं आणि ते तसंच लागायला हवं. रेंज आखणाऱ्याला मात्र त्या ठिपक्यात अडकून चालत नाही. ठिपक्यात बसलेल्या गोळीचं पुढे काय होतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याने विचार करायचा तो भलतीकडे गेलेल्या गोळीचा. नवख्याचं बोट चापावर वेळेआधी पडलं, दमलेल्या तिरंदाजाच्या हातून दोरी ओढता ओढताच सुटली, मागून हाक आली म्हणून कुणी बंदूक हातात असतानाच वळलं, तर ती गोळी किंवा तो बाण कुठे जाऊन थांबेल? आराखड्यातली जवळपास प्रत्येक रेघ या एका प्रश्नाचं उत्तर असते.

मराठीत रेंजसाठी ‘चांदमारी’ हा जुना शब्द आहे. त्या शब्दातून जे चित्र उभं राहतं ते पोलिसांचं किंवा सैन्याचं: ओसाड माळ, लांबवर टेकडी, आणि शिस्तीत एका हुकमावर गोळी झाडणारी माणसं. सार्वजनिक रेंजवर यातलं काहीच गृहीत धरता येत नाही. तिथे पदकासाठी झटणारी खेळाडू येते, तिच्याच शेजारच्या जागेवर आयुष्यात पहिल्यांदा बंदूक हातात घेणारा पन्नाशीचा गृहस्थ असतो आणि मागच्या बाकावर त्याचा सात वर्षांचा नातू बसलेला असतो. शिस्त शिकवावी लागते, आणि ती शिकेपर्यंतचा काळ भिंतींनी, बांधांनी आणि मोकळ्या जागेने सांभाळून घ्यावा लागतो.

टार्गेट जवळ असतं, गोळी लांब जाते

लोकांचा पहिला गैरसमज अंतराबद्दल असतो. पन्नास मीटरची रेंज म्हणजे पन्नास मीटर आणि वर थोडी जागा, असं वाटतं. पण ०.२२ इंची रायफलची छोटीशी गोळी, जी पन्नास मीटरवरच्या टार्गेटवर मारतात, ती अडवली नाही तर दीड किलोमीटर किंवा त्याहूनही लांब जाऊ शकते. मोठ्या रायफलची गोळी तर कित्येक किलोमीटर जाते. एअर रायफलचा, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या बंदुकीचा, ४.५ मिलिमीटरचा पेलेट (छोटी गोळी) त्यामानाने गरीब, तरी तोही उघड्यावर काहीशे मीटर उडतो. म्हणून एअर रायफलची रेंज बहुधा बंद हॉलमध्ये असते आणि भिंतीच तिचं काम करतात.

उडत्या तबकड्यांवरच्या नेमबाजीचा, म्हणजे ट्रॅप आणि स्कीटचा, हिशेब वेगळा आहे. तिथे नेम आकाशाकडेच असतो, त्यामुळे बांध घालून छर्रे अडवण्याची सोय नाही. ते जिथे पडायचे तिथे पडू द्यायचे आणि तेवढी जागा रिकामी ठेवायची. किती? एक जुना ठोकताळा आहे: छर्ऱ्याचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्या आणि त्याला सुमारे ८० ने गुणा, म्हणजे तो जास्तीत जास्त किती मीटर जाईल ते येतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये २.६ मिलिमीटरपेक्षा मोठा छर्रा चालत नाही, म्हणजे अंतर येतं साधारण २०८ मीटर. वारा आणि एकमेकांना चिकटलेले छर्रे धरून आखणी करणारे सहसा २७५ मीटर मोकळे सोडतात. स्कीटमध्ये नेमबाज अर्धवर्तुळात जागा बदलत जातो, त्यामुळे छर्रे पंख्यासारखे पसरतात. २७५ मीटर त्रिज्येचं नुसतं अर्धवर्तुळ काढलं तरी क्षेत्रफळ जवळपास १२ हेक्टर भरतं. हा आकडा ऐकून रेंज काढायला निघालेल्या समितीतले लोक गप्प होतात, पण त्यात एक दिलासाही आहे. शेजारी दुसरं मैदान काढलं तर दोघांचे पंखे बरेचसे एकमेकांवर येतात आणि जादा जागा फार लागत नाही. म्हणून एक स्कीट मैदान हा महागडा विचार असतो, तीन शेजारी शेजारी असतील तर तोच बराच शहाणपणाचा ठरतो.

जागा, आणि वीस वर्षांनंतरची जागा

नकाशावर जागा निवडताना आज तिथे काय आहे ते सगळेच बघतात. वीस वर्षांनी तिथे काय असेल, हे बघायचं राहून जातं.

ब्रिटनच्या राष्ट्रीय रायफल संघटनेची पहिली मोठी स्पर्धा १८६० मध्ये लंडनजवळच्या विम्बल्डन कॉमनवर झाली. उद्घाटनाची गोळी राणी व्हिक्टोरियाने झाडली. रायफल घट्ट बसवून ठेवलेली होती, राणीने फक्त दोरी ओढली. तीस वर्षांत लंडन पसरत पसरत तिथवर आलं, घरं वाढली आणि शेवटी नेमबाजांनाच गाशा गुंडाळावा लागला. १८९० पासून ही स्पर्धा सरेमधल्या बिस्ली इथे होते. रेंज जागच्या जागी होती, बदललं होतं ते भोवताल. आजही जगभर रेंज बंद पडण्यामागे बऱ्याचदा हेच असतं. आधी रेंज येते, मग स्वस्त जमीन म्हणून घरं येतात, मग तक्रारी येतात. त्यावर एकच खात्रीचा उपाय: धोक्याच्या पट्ट्यातली जमीन रेंजच्याच मालकीची हवी, निदान तिथे बांधकाम होणार नाही अशी कायद्याने पक्की केलेली तरतूद हवी. ‘पलीकडे शेतच आहे’ या भरवशावर आखलेली रेंज ही उसन्या जमिनीवर उभी असते.

नेमबाजी आणि तिरंदाजी यांची जागेची भूक किती वेगळी, ते २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये छान दिसलं. तिरंदाजी झाली शहराच्या ऐन मध्यात, अँव्हालिदच्या जुन्या वास्तूसमोरच्या हिरवळीवर. नेमबाजी झाली शातोरूजवळच्या राष्ट्रीय केंद्रात, पॅरिसपासून दोनशे किलोमीटरहून लांब. शहरात रेंज होऊच शकत नाही असा याचा अर्थ नाही. लंडनने २०१२ मध्ये वुलिचच्या लष्करी बराकींच्या आवारात तात्पुरती रेंज उभी केली होती. पण तिथे प्रत्येक गोळी भिंतींनी आणि छतांनी अडवावी लागते.

दिशाही आधीच ठरवायची. उघड्या रेंजवर दिवसभर सूर्य शक्यतो नेमबाजाच्या पाठीशी राहायला हवा. उत्तर गोलार्धात म्हणून नेमबाजाचं तोंड उत्तरेकडे किंवा किंचित ईशान्येकडे ठेवतात. दक्षिण गोलार्धात याच्या उलट. हे दुरुस्त करायला नंतर काहीच मार्ग नसतो. छप्पर नंतर घालता येतं, सूर्य हलवता येत नाही.

बांध आणि बॅफल

टार्गेटमागचा मातीचा बांध हा रेंजचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा भाग. गोळीकडे तोंड केलेला त्याचा उतार जितका उभा तितका चांगला, निदान ४५ अंशांचा तरी हवा. कारण गोळी जमिनीला, दगडाला किंवा पाण्यालाही तिरपी लागली की टप्पा खाऊन उसळते, अगदी तळ्यावर चपटा दगड भिरकावल्यासारखी. उसळलेली गोळी कोणत्या दिशेने जाईल हे सांगता येत नाही. बांधाच्या पुढच्या थरात, साधारण अर्धा मीटर खोलीपर्यंत, दगडगोटे नसलेली माती हवी. बांधकामाचा राडारोडा टाकून बांध स्वस्तात उभा करण्याचा मोह होतो. गाभ्यात तो चालेल, पण गोळी लागणाऱ्या बाजूला एकही वीट दिसता कामा नये.

आता एक साधा हिशेब मांडू. उभ्या नेमबाजाच्या बंदुकीचं तोंड जमिनीपासून १.४ मीटरवर आहे असं धरा. पन्नास मीटरवर चार मीटर उंचीचा बांध आहे. एका मजल्याहून उंच, म्हणजे बघणाऱ्याला तो भक्कमच वाटतो. बंदूक किती वर उचलली गेली तर गोळी या बांधावरून जाईल? फक्त तीन अंश. हात सरळ लांब धरून अंगठ्याच्या रुंदीएवढं अंतर डोळ्यांना जेवढं दिसतं, ते साधारण दोन अंशांचं असतं. दीड अंगठा वर, आणि गोळी बांधापलीकडे.

बांध दुप्पट उंच केला तरी हा प्रश्न सुटत नाही, फक्त अंश वाढतात. म्हणून बॅफल लागतात. बॅफल म्हणजे नेमबाजाच्या डोक्यावर आणि पुढे टप्प्याटप्प्याने आडव्या टांगलेल्या, गोळी भेदू शकणार नाही अशा भिंती. लाकूड, काँक्रीट, पोलाद, मधे खडी, असे त्यांचे नाना प्रकार आहेत. त्यांची जागा ठरवण्याचा नियम मात्र एका ओळीचा आहे: नेमबाजाच्या जागेवरून, पुढच्या बाजूला, आकाश दिसता कामा नये. दोन बॅफलांमधून, बांधाच्या वरून, कडेच्या भिंतीच्या फटीतून, कुठूनही निळी चिरफळी दिसली तर तिथून गोळीही जाऊ शकते. नजर आणि गोळी दोघीही जवळजवळ सरळ जातात, त्यामुळे डोळा हेच इथलं मोजमापाचं यंत्र. मला या सगळ्या विषयात हा नियम सर्वांत आवडतो. तो समजायला कुणी अभियंता असावं लागत नाही. शाळकरी मुलगीही रेंजवर उभी राहून आराखड्यातली चूक दाखवू शकते.

बंद रेंजमध्ये बांधाऐवजी बुलेट ट्रॅप असतो. तिरप्या पोलादी पत्र्यांवरून गोळी घसरत खाली डब्यात पडते, किंवा रबराच्या भुग्याच्या जाड ढिगात रुतते. रबर आवाज आणि उडणारे तुकडे कमी करतं, पण ते पेट घेऊ शकतं. त्यातच बंदुकीची न जळालेली दारू फायरिंग लाइनच्या, म्हणजे नेमबाज जिथून मारतात त्या रेघेच्या, पुढे जमिनीवर साचत जाते आणि कोपऱ्यांत दडून बसते. ती नियमित काढली नाही तर एका ठिणगीने भडका उडू शकतो. आग विझवण्याची सोय आणि सफाईचं वेळापत्रक हे दोन्ही म्हणूनच आराखड्याच्या कागदावर हवं.

बाण निराळा असतो

तिरंदाजीला आवाज नाही, शिसं नाही, दारूगोळा नाही. त्यामुळे ती ‘सोपी’ समजली जाते आणि उरलेल्या जागेत कोंबली जाते. ही चूक आहे.

रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या धनुष्याचा बाण सेकंदाला साधारण ६० मीटर वेगाने सुटतो, कंपाउंडचा, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याचा, ९० च्या आसपास. गोळीच्या मानाने हा वेग किरकोळच, आणि म्हणूनच बाणाचा मार्ग वाकडा असतो. ७० मीटरवरच्या टार्गेटला लागण्यासाठी रिकर्व्ह तिरंदाजाला बाण मुळातच पाच-सहा अंश वर रोखावा लागतो. म्हणजे नेम अचूक असतानाही बाण आकाशाकडे तोंड करून निघतो. त्यात काहींना दोरी ओढताना धनुष्य आणखी वर उचलायची सवय असते. तेवढ्यात दोरी सुटली तर बाण टार्गेटच्या कितीतरी वरून निघून दोनशे मीटरच्या पलीकडे सहज पडतो. प्रशिक्षक ही सवय मोडायला लावतात त्याचं कारण हेच. बाणाला बॅफल लावले तर लांबच्या अंतरावर खऱ्या नेमाचाच मार्ग अडू शकतो, त्यामुळे इथे भिस्त राहते ती मोकळ्या जागेवर, टार्गेटमागच्या बांधावर किंवा जाळीवर.

जाळीची एक गंमत आहे. ती तबल्यासारखी ताणून बसवली तर बाण तिला भोक पाडून पार होतो. सैल, झुलती सोडली तर जाळी बाणाबरोबर मागे जाते, त्याचा जोर खाऊन टाकते आणि बाण तिथेच लोंबकळतो. ठेकेदाराला ढिली जाळी म्हणजे वाईट काम वाटतं आणि तो ती खेचून बांधतो, म्हणून सूचना लेखी द्यावी. तरीही जाळी ही पहिली ढाल समजू नये. जुनी झालेली, उन्हाने कडक झालेली जाळी बाण सोडून देते.

७० मीटरचं मैदान काढायचं तर टार्गेटमागे बांध नसल्यास ५० मीटर मोकळी जागा धरतात, तिरंदाजांच्या मागे थांबण्याची, साहित्याची आणि बघणाऱ्यांची जागा लागते, सगळं मिळून लांबी दीडशे मीटरच्या घरात जाते. मागे चांगला बांध असेल तर हे आवाक्यात येतं. तिरंदाज जिथून मारतात त्या रेघेवर प्रत्येकाला निदान ८० सेंटिमीटर रुंदी हवी. डावखुऱ्यांचा विचार इथेच करायचा: डावखुरा तिरंदाज इतरांच्या उलट्या बाजूला तोंड करून उभा राहतो, त्यामुळे त्याचा आणि शेजाऱ्याचा समोरासमोर अडथळा होतो. दाटीवाटीने आखलेल्या रेघेवर हे रोज घडतं.

आणि सर्वांत महत्त्वाचं. नवशिके दहा मीटरवर मारतात, मुरलेले सत्तरवर. दोघांना एकाच मैदानात खेळवायचं तर टार्गेटं पुढे-मागे ठेवायची, माणसं नाही. सगळ्यांनी एकाच रेघेवर उभं राहायचं. नवशिक्यांची रेघ सोयीसाठी पुढे सरकवली की मागचे बाण त्यांच्या कानाजवळून जाणार. बाण आणायला जाण्याचा क्षणही सगळ्यांचा एकच असतो. स्पर्धेतल्या शिट्ट्या यासाठी सोन्यासारख्या आहेत: दोन शिट्ट्या झाल्या की रेघेवर या, एक झाली की मारा, तीन झाल्या की बाण काढायला चला. संकटात लागोपाठ पाच किंवा अधिक, म्हणजे सगळं जागच्या जागी थांबवा. यात भाषा लागत नाही, परगावचा पाहुणाही अर्ध्या तासात शिकतो. ज्याला ऐकू येत नाही त्याच्यासाठी रंगीत दिवे जोडावेत.

शिसं

माझ्या मते या विषयातला सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे, कारण त्याची इजा दिसत नाही.

ट्रॅपच्या एका काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात. वीस नेमबाजांनी एका दिवसात प्रत्येकी शंभर काडतुसं झाडली तर जमिनीवर ४८ किलो शिसं पडतं. वर्षातून असे शंभर दिवस झाले तर ४,८०० किलो, म्हणजे पाच टनांना थोडं कमी. दहा वर्षांनी त्या गवताखाली काय असेल ते सांगायला नको. पक्षी दाणे दळण्यासाठी बारीक खडे गिळतात. छर्रे त्यांना खडेच वाटतात आणि विषबाधा होते. म्हणूनच युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून पाणथळ जागांमध्ये आणि त्यांच्या शंभर मीटरच्या आत शिशाच्या छर्ऱ्यांवर बंदी घातली. ओढा, तळं किंवा दलदल छर्रे पडणाऱ्या पट्ट्यात येत असेल तर ती जागा सोडून द्यावी. स्वस्त मिळते म्हणून घेतलेली अशी जमीन नंतर फार महाग पडते.

जमिनीत पडलेलं शिसं लगेच विरघळत नाही. माती आंबट, म्हणजे आम्लधर्मी असेल तर मात्र ते सुटं होऊन पाण्याबरोबर सरकू लागतं. मातीचा सामू ६.५ ते ८.५ च्या दरम्यान राखला तर ते बरंचसं जागीच राहतं. त्यासाठी शेतात टाकतात तसा चुना टाकतात. गवताचं दाट आच्छादन ठेवतात, पावसाचं पाणी बांधावरून सरळ नाल्यात न जाऊ देता अडवून मुरवतात, आणि ठरावीक वर्षांनी माती चाळून शिसं परत काढून भंगारात विकतात. चाळणीचं यंत्र त्या पट्ट्यात फिरू शकेल अशी सपाट, झाडं नसलेली जमीन आधीच ठेवली तर हे काम स्वस्तात होतं. छर्रे पडणाऱ्या भागात हौसेने झाडं लावली की पुढे शिसं काढणं जवळपास अशक्य होतं.

बंद हॉलमध्ये शिसं हवेत असतं. बहुतेक काडतुसांच्या टोपीतल्या मिश्रणात शिशाचं संयुग असतं. बार उडाला की त्याची वाफ आणि धूळ नेमबाजाच्या नाकासमोरच तयार होते. उपाय एकच, हवा. ती नेमबाजाच्या पाठीमागून, भिंतीएवढ्या रुंद झोतात, गोंधळ न करता, हळू पण सलग पुढे वाहायला हवी. मान्य वेग आहे सेकंदाला साधारण ०.३८ मीटर. सहा मीटर रुंद आणि तीन मीटर उंच हॉलला हा वेग द्यायचा तर तासाला सुमारे २४,६०० घनमीटर हवा लागते. एवढी हवा आत घ्यायची, गाळून बाहेर सोडायची, आणि शिवाय थंड किंवा गरम करायची. आत येणाऱ्या हवेपेक्षा बाहेर जाणारी किंचित जास्त ठेवायची, म्हणजे धूळ दारातून स्वागतकक्षात येत नाही. बंद रेंजचं वीजबिल नेमकं इथे फुगतं, आणि पैसे वाचवण्यासाठी पंखा मंद करण्याचा मोहही इथेच होतो. ज्यांच्याकडे हा खर्च वर्षानुवर्षं पेलायची तयारी नाही, त्यांनी बंद जागेत दारूच्या काडतुसांची रेंज काढूच नये, असं माझं ठाम मत आहे.

मुलांसाठी शिशाची सुरक्षित पातळी अशी नसतेच. ते मेंदूच्या वाढीवर घाला घालतं. म्हणून बाहेर पडण्याच्या वाटेवरच बेसिन हवं, खाण्यापिण्याची जागा फायरिंग लाइनपासून वेगळ्या खोलीत हवी, आणि झाडू कधीच नको. कोरड्या झाडूने शिशाची धूळ पुन्हा हवेत उठते. बारीक धूळ अडवणाऱ्या फिल्टरचा व्हॅक्यूम किंवा ओलं पुसणं, एवढंच चालतं. कर्मचाऱ्याने कामाचे कपडे घरी न नेता तिथेच धुवावेत, नाहीतर घरातलं रांगतं मूल रेंजवर न जाताही शिसं खातं.

आवाज

०.२२ रायफलचा बार कानाजवळ १४० डेसिबलच्या आसपास जातो, मोठ्या रायफलींचा १५० ते १७०. १४० ही अचानक येणाऱ्या आवाजासाठी धोक्याची रेषा मानतात. बंद रेंजमध्ये कानात प्लग आणि वरून मफ, दोन्ही वापरावेत. बघणाऱ्यांनीही.

शेजाऱ्यांपर्यंत पोचणारा आवाज अंतर दुप्पट झालं की सुमारे सहा डेसिबलने उतरतो. झाडांची एखाद-दुसरी रांग त्यात फारशी भर घालत नाही. मन शांत होतं, आवाज तसाच येतो. उंच बांध, मागून आणि बाजूंनी बंद असलेली फायरिंग शेड, आत आवाज शोषणारं अस्तर, यांनी खरा फरक पडतो. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी स्वतःचा वेगळा कडाका पुढच्या दिशेला सोडत जाते. ध्वनीपेक्षा कमी वेगाची स्पर्धेची काडतुसं वापरली की तो कडाकाच नाहीसा होतो. आणि वेळ पाळणं. रात्री जमिनीलगतची हवा गार असते तेव्हा आवाज लांबवर पोचतो, म्हणून संध्याकाळी वेळेत बंद करणं हा शेजाऱ्यांशी केलेला करारच समजावा.

रोजचं चालवणं

दहा जागांची रेंज म्हणजे दिवसाला किती माणसं? तासाची एक पाळी आणि आठ तास धरले तर कागदावर ८०. प्रत्यक्षात कमी, कारण प्रत्येक नव्या माणसाला सुरक्षेचे नियम समजावण्यात, टार्गेट बदलण्यात, बाण काढून आणण्यात वेळ जातो. सुट्टीच्या दिवशी रांग लागते आणि इतर दिवशी ओसाड असते. म्हणून आधी मोठ्ठी रेंज काढण्यापेक्षा बंद हॉलमधली दहा मीटर एअर रायफल-पिस्तूल आणि अठरा मीटर तिरंदाजी यांनी सुरुवात करावी, असं मी सुचवेन. जागा थोडी, आवाज जवळपास नाही, हवेचा खर्च आटोक्यात. लोक किती येतात ते कळतं आणि पुढचा विस्तार अंदाजावर नव्हे, नोंदींवर ठरतो.

पैसा उभारण्याच्या वाटा देशागणिक निराळ्या. अमेरिकेत १९३७ च्या एका कायद्याने बंदुका आणि दारूगोळ्यावरच्या कराचा पैसा वन्यजीव संवर्धनाकडे वळवला. २०१९ च्या दुरुस्तीने त्यातून राज्यांना सार्वजनिक रेंज बांधणं सोपं झालं आणि राज्याचा वाटा २५ टक्क्यांवरून १० टक्क्यांपर्यंत खाली आला. पण असा पैसा बांधकामाला मिळतो. रेंज ऑफिसरचा, म्हणजे रेंजवर हुकूम देणाऱ्या आणि सुरक्षा सांभाळणाऱ्या माणसाचा पगार, फिल्टर, शिसं काढणं, आणि रेंज कधी बंद करायची वेळ आली तर जमीन साफ करणं, यांची तजवीज वेगळी हवी.

रेंज ऑफिसर हा माणूस सगळ्या जागा एका नजरेत पाहू शकेल असा उभा हवा. मधे खांब आला तर आराखडा बदला, ऑफिसर नव्हे. ‘स्टॉप’ कुणीही म्हणू शकतं, ‘स्टार्ट’ फक्त तो. बंदूक रिकामी असल्याचं दुरून दिसावं म्हणून नळीत रंगीत दोरी घालून ठेवतात. पुढे माणूस गेला की तांबडा दिवा लागतो आणि तो विझेपर्यंत कुणी हत्याराला हात लावत नाही.

व्हीलचेअरवरच्या खेळाडूसाठी ‘एक जागा कोपऱ्यात’ ठेवणं अपुरं आहे. तिरंदाजी १९६० च्या पहिल्या पॅरालिंपिकपासून तिथे आहे, नेमबाजी १९७६ पासून. पार्किंगपासून रेघेपर्यंत एकही पायरी नको, फायरिंग पॉइंट, म्हणजे प्रत्येकाची नेम धरायची जागा, सपाट हवा, टेबलाखाली गुडघे शिरायला जागा हवी, कुठल्याही जागेवर. दृष्टिहीनांसाठी नेमाच्या जवळ जावं तसा सूर बदलणारी यंत्रणा असते. नेमबाज तो हेडफोनमधून ऐकून नेम धरतात. तिची वायरिंग बांधकामाच्या वेळीच करून ठेवली तर खर्च किरकोळ येतो.

उद्घाटनाच्या आधी

सगळं बांधून झालं की एक दिवस हत्यारं न आणता रेंजवर जावं. प्रत्येक फायरिंग पॉइंटवर आधी पालथं झोपावं, मग गुडघ्यावर बसावं, मग खुर्चीवर, मग उभं राहावं. सोबत एक उंच माणूस आणि एक लहान मूल न्यावं, कारण दोघांच्या डोळ्यांची पातळी वेगळी असते. प्रत्येकाने पुढे, वर आणि दोन्ही कडांना बघायचं आणि आकाश दिसलं तिथे बोट दाखवायचं. पाहणाऱ्याने त्या बॅफलवर खडूने खूण करायची. मग कुंपणाच्या पलीकडे, बांधाच्या मागच्या बाजूला जाऊन उलट बघायचं: इथून फायरिंग पॉइंट दिसतो का? खडूच्या जेवढ्या खुणा, तेवढी कामं बाकी. शेवटची खूण पुसली जाईपर्यंत फीत कापायची नाही.